घाट उतरण्यापूर्वी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांची सारी रहदारी घाटांच्या मर्जीवर चालते, हे येथे जन्मलेल्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. भोरकडून वरंध, महाबळेश्वराकडून आंबेनळी आणि खेडकडून कशेडी असे तीन घाट सावित्रीच्या खोऱ्यात उतरतात; पूर्वी देशावरचा माल बैलांच्या तांड्यांनी महाडच्या बंदरात येई व तेथून गलबतांत चढे, आणि गलबतांचे दिवस सरल्यावर तोच माल मालमोटारींतून वाहू लागला. वाहन बदलले, चढउतार मात्र होते तेच राहिले. फरक पडला तो एवढाच, की बैल थकला म्हणजे तांडा मुक्काम करी. मोटार थकत नाही अशी समजूत रूढ झाल्यामुळे ती हाकणारा माणूसही थकत नसावा, असे मालक, व्यापारी, कारखानदार आणि पुष्कळदा स्वतः तो माणूसही मनोमन धरून चालू लागला.

माझी उमेदीची सारी वर्षे या रस्त्यावर गेली. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते (ते १९८१ साली रायगड झाले) त्या काळी मी क्लीनर म्हणून या धंद्यात शिरलो, पुढे जड वाहनाचा परवाना मिळवून मुंबई-गोवा महामार्गावर, म्हणजे तेव्हाच्या १७ आणि आताच्या ६६ क्रमांकाच्या रस्त्यावर, गाडी हाकली, आणि उतारवयात महाडच्या एका वाहतूक पेढीवर गाड्या रवाना करण्याचे, बिल्ट्या लिहिण्याचे व भत्त्याचा हिशेब ठेवण्याचे काम केले. त्यामुळे स्टिअरिंगवरची आणि गादीवरची, अशा दोन्ही जागांची भाषा मला अवगत आहे. आणि दोन्ही जागांवरून पाहिल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे, की घाटात दिसणारे बहुतेक अपघात आदल्या दिवशीच पेढीच्या दारात, लायनर, झोप आणि हजेरीपट यांविषयी जे बोलले जाते अथवा बोलावयाचे राहून जाते, त्यात ठरून गेलेले असतात. हे मत ज्या प्रसंगाने बनले, तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढील सूचनांना कोरड्या उपदेशाचे स्वरूप येणार नाही.

दिवस आंब्याच्या हंगामाचे होते. या हंगामात रत्नागिरीकडून निघालेली गाडी पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात लागली तर मालाला उठाव, आणि उन्हे वर आल्यावर लागली तर तोच आंबा पडेल भावाने द्यावा लागतो. साहजिकच बागायतदार अडत्याला, अडत्या मालकाला आणि मालक ड्रायव्हरला घाई करतो, आणि ड्रायव्हरच्या खाली घाई करण्यास कोणीच उरत नसल्यामुळे ती सगळी घाई त्याच्या उजव्या पायात उतरते. माझी सहाचाकी गाडी लागोपाठ रात्रीच्या फेऱ्या करीत होती. मागच्या चाकांचे लायनर झिजून रिव्हेट ड्रमला घासू लागले होते. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड ओढल्याचा कर्कश आवाज केबिनपर्यंत येई. क्लीनरच्या बाजूच्या दाराची कडी तुटलेली, ती तारेने बांधलेली. मी गादीवर जाऊन सांगितले, "दिवाणजी, मागचे लायनर संपलेत. रिव्हेट ड्रम खातायत. एक दिवस गाडी गॅरेजला लावू या." दिवाणजींनी वहीवरून मान वर न करता उत्तर दिले, "हंगाम संपू द्या, भाऊ, मग चारही चाकांना टाकू. आंबा थांबत नाही आणि शेठही थांबत नाहीत." त्या बिचाऱ्यांनाही वरचा हुकूम होता, हे मला पुढे त्याच प्रकारच्या गादीवर बसल्यावर कळले.

त्या रात्री भरणे नाका मागे टाकून आम्ही कशेडी चढलो, वरच्या पोलीस चौकीजवळ चहा घेतला आणि मध्यरात्रीनंतर पोलादपूरच्या अंगाने उतरू लागलो. भोगावच्या अलीकडे जळलेल्या लायनरचा उग्र वास आला. ज्याने हा वास एकदा घेतला, तो जन्मभर विसरत नाही. मी गाडी खालच्या गिअरात आणलेली होती म्हणून वेग बेताचा होता. तथापि पॅडल पूर्ण दाबूनही गाडी म्हणावी तशी आवरेना, आणि तेवढ्यात वळणापलीकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेली, मागील दिवा बंद असलेली एक गाडी रस्त्यातच उभी दिसली. तिच्या मागे इशारा म्हणून काय होते, तर चार धोंडे आणि झाडाची एक डहाळी. डाव्या हाताला डोंगर होता. मी गाडी त्या बाजूच्या चरात घातली. चाके चरात रुतून गाडी डोंगराला टेकली, हौद्यातल्या पेट्या रस्त्यावर सांडल्या, आणि तारेने बांधलेले ते दार निखळून आमचा क्लीनर, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरचा पोरसवदा मुलगा, बाहेर फेकला गेला. मांडीचे हाड मोडले होते. टॉर्चच्या सेलांतून पाणी गळत होते. प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर तीत उदबत्तीचा पुडा, हात पुसण्याच्या चिंध्या आणि कसल्याशा जुन्या पावत्यांची सुरळी. कारण पेटी होती ती पासिंगच्या दिवशी साहेबांना दाखविण्यापुरती. मागून आलेल्या एका कर्नाटकी गाडीच्या ड्रायव्हरने आपली लुंगी फाडून, आंब्याच्या पेटीच्या फळ्या लावून पाय बांधला आणि आम्ही मुलाला पोलादपूरच्या दवाखान्यात आणले.

पंचनामा झाला, जबाब झाले. जबाबात निष्काळजीपणा माझ्या नावावर लागला. लायनरविषयी मी केलेली तक्रार तोंडी असल्यामुळे तिला पुरावा नव्हता. परंतु मला खरा धक्का बसला तो मुलाच्या भरपाईच्या वेळी. मालकाने सांगितले, की हा मुलगा आमचा नोकरच नव्हे, ड्रायव्हरने तो परस्पर गाडीवर घेतला. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते, पगाराची पावती नव्हती, नियुक्तिपत्राची तर बातच नको. तेव्हाच्या १९२३ च्या कायद्याप्रमाणे कामावर असताना जायबंदी झालेल्या कामगारास भरपाई मिळे, हे खरे. पण आधी तो कामगार होता हे सिद्ध व्हावे लागे. शेवटी भत्त्याच्या वहीत एका पानावर त्याच्या अंगठ्याचा ठसा सापडला आणि त्या ठशावर तडजोड झाली. रक्कम हाती आली तोवर औषधपाण्याची उधारी तिच्याहून मोठी झालेली होती. मुलाने पुढे गाडीचे नाव घेतले नाही. मीही ती नोकरी सोडली, अथवा तिने मला सोडले. दोन्ही म्हणता येईल.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितो त्यांच्याशी बोलतो.

पहिली गोष्ट ब्रेकची, आणि ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण नव्या मुलांना गाडी पळविणे लवकर येते व उतरविणे उशिरा. ज्या गिअरात चढ चढला असता त्याच गिअरात उतार उतरावा, हा आमच्या वस्तादांचा पहिला धडा. त्यामागचे कारण असे, की लांब उतारावर पॅडल सतत दाबून ठेवले म्हणजे ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरतो, लायनरचा पृष्ठभाग भाजून गुळगुळीत होतो, आणि मग पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. म्हणून वेग धरण्याचे काम इंजिनाकडे द्यावे, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावा, आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून पुन्हा सोडावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल काढणे किंवा इंजिन बंद करून उतरणे याला मी हिशेबी काटकसर न म्हणता आत्मघात म्हणतो, कारण हवेच्या ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि पॉवर स्टिअरिंगही इंजिनाबरोबरच थंडावते. ड्रम तापलाच, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून तो आपोआप निवू द्यावा; तापल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या ड्रमला पडलेल्या चिरा पुढच्या उतारावर दिसतात.

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेले पाणी सोडावे. कोकणातल्या दमट हवेत हे पाणी इतके निघते, की घाटावरच्या ड्रायव्हरला ते खोटे वाटेल. मग इंजिन चालवून हवेचा काटा पुरता चढू द्यावा, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा आणि काटा खाली येतो काय, हे पाहावे. येत असेल तर कोठेतरी हवा गळते आहे. चाकाखाली लावण्याचे लाकडी ठोकळे गाडीत ठेवावेत. रस्त्यातले धोंडे उचलून चाकाला लावण्याची आणि गाडी सुरू झाली की ते तेथेच टाकून जाण्याची जी रीत आहे, तिने किती मोटारसायकलवाले निजले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. परावर्तक त्रिकोण दोन बाळगावेत, आणि बंद पडलेल्या गाडीपासून ते इतके मागे ठेवावेत, की वळण घेण्याआधीच मागच्यास दिसतील. मागच्या बाजूची लाल परावर्तक पट्टी चिखलाने माखते. चहाला थांबलात की ओल्या फडक्याने पुसावी. पुढच्या चाकांना रबर चढविलेला टायर कदापि घालू नये, मालक कितीही हिशेब मांडो.

ही सगळी तपासणी केल्यावर जे उणे दिसेल ते कागदावर लिहून द्यावे. माझ्या वेळी तोंडी बोलणे हवेत विरले. आजच्या मुलाच्या हातात फोन आहे, त्यावरून मालकाला दोन ओळी आणि झिजलेल्या लायनरचे छायाचित्र धाडण्यास काही लागत नाही, आणि त्या संदेशावर तारीख व वेळ आपोआप पडते. मी गादीवर बसलो तेव्हा प्रत्येक गाडीमागे एक वही ठेवली. ड्रायव्हरने दोष लिहावा, दुरुस्ती झाल्यावर मिस्त्रीने सही करावी, आणि सही नसेल तर बिल्टी फाडू नये, असा शिरस्ता पाडला. शेठना आरंभी ही वही त्रासाची वाटली. पुढे विम्याच्या एका तंट्यात तीच वही त्यांच्या कामी आली, तेव्हापासून तिच्यासाठी पुठ्ठ्याची जिल्द ते स्वतः आणू लागले.

दुसरी गोष्ट झोपेची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास काम, लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने फार तर १० व ५४ तास, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असे स्पष्ट ठरवून दिले होते. पण तो कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास लागू, म्हणून एक गाडी स्वतःच्या नावे, दुसरी पत्नीच्या, तिसरी भावाच्या, अशी वाटणी करून कायदा घराबाहेर ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. तथापि कायदा जुना असो वा नवा, डोळ्यांवर येणारी झोप तास मोजून येत नाही. पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. त्या वेळी डोळे उघडे असूनही माणूस झोपलेला असतो, आणि मैलभर रस्ता कसा सरला ते त्याला आठवत नाही. असे एकदा जरी झाले, तर ती शेवटची सूचना समजून पहिल्या पंपावर गाडी लावावी व निजावे. चहा, तंबाखू आणि त्याहून वाईट गोळ्या यांनी झोप जात नाही, ती पुढे ढकलली जाते आणि व्याजासह परत येते. ज्या व्यापाऱ्यास माल वेळेवर हवा, त्याने दुसऱ्या ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरावा. हंगामात दोन ड्रायव्हर देणारे मालक आमच्याकडे आहेत, आणि त्यांचा धंदा काही बुडालेला नाही. गोव्याकडे जाणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेने १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या कोलाडहून मालमोटारी वाघिणींवर चढवून नेण्याची सोय केली आहे. घाट टळतो, टायर वाचतात, आणि ड्रायव्हरला गाडीतच पाय पसरता येतात.

विश्रांती घ्यायची म्हटले तरी ती घ्यायची कोठे, हा प्रश्न उरतोच. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत माल भरण्यास वा उतरविण्यास आलेली गाडी दारावर तासन् तास, कधी रात्रंदिवस उभी राहते. आत जाण्यास मज्जाव, बाहेर सावली नाही, शौचकूप नाही, पिण्याचे पाणी टपरीवरून विकत घ्यायचे. लघवीची सोय नाही म्हणून पाणीच न पिणारे आणि मूतखड्याने तळमळणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. शिवाय वाराई कोणी द्यायची यावर हमालांशी खटका उडतो तो वेगळाच. ज्याचा माल त्याची हमाली, हे तत्त्व सगळे मान्य करतात आणि पैसे मात्र ड्रायव्हरच्या भत्त्यातून जातात. पंतप्रधानांनी २०२४ साली राष्ट्रीय महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिस्थाने उभारण्याचे जाहीर केले. पंपांवरची 'अपना घर' नावाची निवासाची सोयही सुरू झाली आहे. जेथे ती असेल तेथे संकोच न करता वापरावी. केबिनच्या उकाड्याविषयी तर शासनाला उशिराने का होईना जाग आली: २०२३ च्या डिसेंबरातील अधिसूचनेने साडेतीन टनांवरील नव्या मालमोटारींच्या केबिनमध्ये २०२५ पासून वातानुकूलन सक्तीचे झाले. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या गाड्यांना हा नियम नाही. त्यांच्यासाठी इंजिनाच्या झाकणावर उष्णतारोधक जाड चटई, चांगला पंखा, आणि मोडकी स्प्रिंग बदललेले आसन एवढे तरी मालकाने द्यावे. कंबरेचे दुखणे हे या धंद्याचे निवृत्तिवेतन होऊन बसले आहे.

पावसाळ्याविषयी बाहेरगावच्या ड्रायव्हरांना विशेष सांगावेसे वाटते. फोनवरचा नकाशा महाडहून पुण्याची जवळची वाट म्हणून वरंधाकडे बोट दाखवितो. पण पावसाळ्यात दरडींमुळे जिल्हाधिकारी हा घाट अवजड वाहनांस बहुधा बंद करतात, हे नकाशास ठाऊक असेलच असे नाही. आंबेनळी तर अरुंद. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस तेथे दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. नाक्यावरच्या पोलिसास किंवा टपरीवाल्यास विचारल्याशिवाय या दोन घाटांत गाडी घालू नये. कशेडीखालून आता सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे झाले आहेत, २०२३ च्या गणेशोत्सवात त्यांतील एकातून हलक्या वाहनांस प्रथम वाट मिळाली, आणि जुन्या घाटाची धास्ती पुष्कळ कमी झाली. तरी बोगद्याकडे जाणारे उतार उरलेच आहेत, आणि उजेडातून अंधारात शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, तेव्हा वेग आधीच उतरवावा.

नदीचे भय निराळे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह प्रवाहात गडप झाल्या. पुलाजवळच्या गॅरेजातील एका कामगाराच्या हे ध्यानात आले आणि त्याने येणाऱ्या गाड्या अडविल्या, म्हणून पुढची जीवितहानी टळली. नवा पूल वर्षभराच्या आत, २०१७ च्या जूनमध्ये, उभा राहिला. त्या रात्रीपासून मी प्रत्येक ड्रायव्हरास एकच सांगत आलो आहे: पावसात पुढच्या गाडीचे तांबडे दिवे एकाएकी दिसेनासे झाले, तर रस्ता मोकळा झाला असे समजू नये, थांबावे, उतरून पाहावे. तसेच पूर येण्याची चिन्हे असता गाडी नदीकाठच्या मोकळ्या मैदानावर लावून निजू नये. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडाले, त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले. त्या पाण्यात कित्येक वाहने जागच्या जागी निकामी झाली.

टँकरवाल्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे, येथे थोडक्यात. धोकादायक रसायन नेणाऱ्या ड्रायव्हरच्या परवान्यावर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तशी नोंद लागते व त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. असा परवाना ३ वर्षांचा असतो. माल कोणता, त्याचा धोका काय, गळती झाल्यास काय करावे, हे लेखी सांगणे माल पाठविणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते पत्रक आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मागून घ्यावे, समजले नाही तर कारखान्याच्या माणसाकडून समजावून घ्यावे, आणि ते हौद्यात न ठेवता केबिनमध्ये हाताशी ठेवावे. हातमोजे, चष्मा, मुखवटा हे मागताना लाजू नये. गळती झालीच तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, बघ्यांना दूर काढावे, आणि पत्रकात सांगितले नसेल तर स्वतःच्या बुद्धीने पाणी ओतू नये; कित्येक आम्ले पाण्याने अधिकच उसळतात.

जास्त वजनाचा मोह मालकाचा असतो व भोग ड्रायव्हरचा. दोन आसांच्या गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन २०१८ साली वाढून साडेअठरा टन झाले, म्हणजे लोभास पुरेशी जागा मिळाली. तरीही त्यावर भरतात. दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार. परंतु दंडापेक्षा भयंकर ते वजन उतारावर मागून ढकलते हे आहे. भरल्यावर काटा करून त्याची चिठ्ठी खिशात घातल्याशिवाय बिल्टी घेऊ नये.

अपघात झालाच तर पळून जाऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे जखमीस उपचार मिळवून देणे व पोलिसांस वर्दी देणे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. मात्र जमाव खवळला असेल तर जखमीला जागेवर मदत करणे शक्य होत नाही, ही गोष्ट त्याच कलमाने ओळखली आहे, तेव्हा अशा वेळी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हावे. २०२४ च्या जानेवारीत नव्या दंडसंहितेतील कठोर शिक्षेच्या पोटकलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी देशभर चाके थांबविली, आणि ते पोटकलम तूर्त स्थगित राहिले. पण म्हणून पळण्यास मुभा मिळाली असे कोणी समजू नये. राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीचा क्रमांक १०३३, रुग्णवाहिकेचा १०८. हे दोन्ही केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवावेत, कारण अपघातात फोन हरवतो व स्मरणही हरवते. २०२५ च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातील जखमीस ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे, तिचे नाव दवाखान्यात आग्रहाने घ्यावे.

मालकबंधूंना माझी एक विनंती आहे. वर सांगितलेल्या २०२० च्या संहितेने प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे आवश्यक केले आहे. ते द्यावे, आणि क्लीनरलाही द्यावे. गाडीवरील कामगारांची भरपाई विम्याच्या छत्राखाली येऊ शकते, तेव्हा नाव लपवून वाचते काय, हे शांतपणे हिशेब करून पाहावे. आणि ड्रायव्हरबंधूंनो, तुम्ही गाडीवर जो पोरगा घेता, त्याच्याकडून 'वस्ताद' म्हणवून घेण्यापूर्वी त्याचे ई-श्रमचे कार्ड काढून द्या, भत्त्याची चिठ्ठी त्याच्या सहीची वा अंगठ्याची असू द्या, तिचे छायाचित्र त्याच्या घरी पाठवून ठेवा, आणि हजेरीपटावर त्याचे नाव चढल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गाडीची किल्ली हातात घेऊ नका.